‘बीटर्स’चे ‘हरारी’ झाले तेव्हा: सोवेटोतल्या एका सोल बँडचं प्रकरण

1975 साली जोहान्सबर्गमध्ये एक रेकॉर्ड निघाली. बँडचं नाव ‘द बीटर्स’, अल्बमचं नाव ‘हरारी’. पुढच्याच रेकॉर्डवर, म्हणजे ‘रुफारो’वर, ‘बीटर्स’ हे नाव उरलंच नव्हतं. आता बँडच ‘हरारी’ झाला होता. माणसं मात्र तीच होती. सेल्बी न्तुली गायचा आणि गिटार, कीबोर्ड वाजवायचा. अलेक खाओली बास गिटारवर, मॉन्टी न्दिमांदे लीड गिटारवर आणि सिपो माबुसे ड्रमवर. माबुसेला पुढे सगळा देश ‘हॉटस्टिक्स’ या टोपणनावानं ओळखू लागला, ते त्याच्या काठ्यांच्या करामतीमुळे.

बीटर्स हे काही पडेल नाव नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या वस्त्यांमध्ये त्याला मान होता, त्या नावावर सभागृहं भरत होती. असं चालतं नाव कुणी आपणहून टाकत नाही. आणि टाकलंच तर शेजारच्या देशातल्या एका कामगारवस्तीचं नाव उचलून आपल्याला लावून घेत नाही. या चौघांनी ते केलं. का केलं, कशाच्या बळावर केलं आणि त्यानं त्यांच्या संगीतात नेमकं काय हललं, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे. बँडचा सगळा इतिहास ओघानं येईल, पण माझा डोळा या एका बदलावर आहे, कारण बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं असं मला वाटतं.

शाळेतली पोरं आणि नेहरू जाकिटं

सोवेटो म्हणजे जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येला वसवलेल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांचा समूह. ‘साउथ वेस्टर्न टाउनशिप्स’ या शब्दांची अक्षरं जोडून हे नाव तयार झालं आणि 1963 साली ते अधिकृत झालं. शहरातली घरकामं, कारखाने आणि खाणी यांना माणसं हवी होती, पण ती माणसं रात्री शहरात नको होती. म्हणून ही वस्ती. तिथल्या ओर्लँडो वेस्ट हायस्कूलमध्ये 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात न्तुली, माबुसे आणि खाओली यांचं त्रिकूट जमलं आणि बीटर्स उभे राहिले. नावात बीटल्सचा पडसाद उघड ऐकू येतो. सुरुवातीच्या काळात स्टेजवर ते नीटनेटकी नेहरू जाकिटं घालून उभे राहत. बंद गळ्याचा हा कोट आपल्याकडून निघून लंडन-न्यूयॉर्कच्या फॅशनमध्ये गेला आणि तिथून फिरत फिरत सोवेटोतल्या शाळकरी पोरांच्या अंगावर आला, याचं मला अजून नवल वाटतं.

वाजवायचे मात्र सोल, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं शहरी संगीत. 1969च्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डचं नावही ‘सोल-अ-गो-गो’ असंच होतं. त्या काळात सोवेटोत आणि आसपास सोल वाजवणाऱ्या बँडचं नुसतं पीक आलं होतं: मूव्हर्स, फ्लेमिंग सोल्स, कॅनिबल्स. मेम्फिसचं स्टॅक्स आणि डेट्रॉइटचं मोटाउन या अमेरिकन कंपन्यांच्या रेकॉर्डी ऐकून ही मुलं घडत होती. 1970 साली पर्सी स्लेज हा अमेरिकन सोल गायक दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर आला तेव्हा बीटर्सना त्याच्या कार्यक्रमांत वाजवायची संधी मिळाली. पुढे टिमी थॉमस, ब्रुक बेंटन, विल्सन पिकेट यांच्याबरोबरही ते वाजवले.

इथे एक प्रश्न आडवा येतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. आफ्रिकेतल्या मुलांनी आफ्रिकेतलं संगीत सोडून अमेरिकेचं का धरलं? वरवर पाहणारा याला नक्कल म्हणून मोकळा होईल. मला ते अन्यायाचं वाटतं. कारण त्या काळात ‘आफ्रिकन’ या शब्दाचा ताबा सरकारकडे होता.

वर्णभेदी राज्याचा सगळा हिशेब जमातीवर चालायचा. तू झुलू, तू सोथो, तू खोसा. तुमची तुमची भाषा, तुमची तुमची ‘मायभूमी’, शहरात तुम्ही फक्त पाहुणे. 1959च्या कायद्यानं या मायभूम्यांना राजकीय आकार दिला आणि 1970च्या कायद्यानं काळ्या माणसाला त्यातल्या कुठल्यातरी एकीचा नागरिक ठरवून टाकलं, मग त्यानं ती उभ्या जन्मात पाहिलेली असो वा नसो. रेडिओही तसाच कापून वाटला होता. 1960 साली सरकारी नभोवाणीनं ‘रेडिओ बांटू’ सुरू केला आणि प्रत्येक भाषेसाठी वेगळी सेवा चालवली. गाण्यांचे बोल आधी तपासले जात. एकाच गाण्यात दोन भाषांची सरमिसळ झाली तर ते गाणं अडचणीत येई. पण सोवेटोतला माणूस तर रोज तीन-चार भाषा मिसळूनच बोलत होता. आईची एक, बापाची दुसरी, शेजाऱ्याची तिसरी आणि रस्त्यावरची चौथी.

अशा वेळी पारंपरिक म्हणून जे काही रेडिओवरून यायचं त्याला सरकारी वास असायचा. गावाकडचा ठेका ऐकला की शहरात वाढलेल्या पोराला त्यामागून ‘परत जा’ ऐकू यायचं. उलट सोल गाणारी अमेरिकेतली माणसं काळी होती, शहरी होती, ताठ मानेनं उभी होती आणि कुठल्याही जमातीची नव्हती. सोल वाजवणं हा सोवेटोतल्या पोरांचा जमातीच्या खान्यात बसायला दिलेला नकार होता. ही गोष्ट ध्यानात घेतली की पुढच्या बदलाचं वजन कळतं. आपल्या मुळांकडे वळायचं तर ती मुळं आधी सरकारच्या मुठीतून सोडवून घ्यायला हवी होती. घरी बसून ते जमणं कठीण होतं.

तीन महिने

1970च्या दशकाच्या मध्याला बीटर्स ऱ्होडेशियाच्या दौऱ्यावर गेले. तीन महिने राहिले.

ऱ्होडेशिया म्हणजे आजचा झिंबाब्वे. 1965 साली इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारनं ब्रिटनला न जुमानता एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, ते मूठभर गोऱ्यांची सत्ता टिकवण्यासाठी. 1972च्या अखेरीपासून तिथलं सशस्त्र युद्ध पेटलं. लोक त्याला ‘चिमुरेंगा’ म्हणत. शोना भाषेतला हा शब्द 1890च्या दशकातल्या उठावाची आठवण जागी करणारा. राजधानी सॉल्सबरीला लागून काळ्या कामगारांची सर्वांत जुनी वस्ती होती, हरारी. वसतिगृहं, बाजार, बस अड्डा, बिअर हॉल, फुटबॉल. सोवेटोच्या माणसाला घरच्यासारखं वाटावं असं सगळं. बीटर्स तिथे राहिले.

या वेळी तिथल्या संगीतात काहीतरी घडत होतं. थॉमस मापफुमो आणि त्याच्यासारखे वादक इंग्रजी रॉक अँड रोल आणि सोल वाजवूनच वर आले होते, म्हणजे अगदी बीटर्ससारखेच. पण आता ते शोना भाषेत गाऊ लागले होते आणि इलेक्ट्रिक गिटारवर म्बिरा वाजवायचा प्रयत्न करत होते.

म्बिरा पाहिला नसेल त्याच्यासाठी थोडं सांगतो, कारण गाभा इथे आहे. लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, मोठ्या म्बिरावर वीसहून जास्त. दोन्ही अंगठे आणि एक तर्जनी यांनी त्या छेडायच्या. आवाज मोठा व्हावा म्हणून वाद्य वाळक्या भोपळ्यात धरतात, आपल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याचीच युक्ती. मूळ उपयोग पूर्वजांना बोलावण्याच्या रात्रभर चालणाऱ्या विधीत. एक वादक मुख्य चाल धरतो, दुसरा त्याच्या सुरांच्या मधल्या फटींत आपले सूर बसवतो. ऐकणाऱ्याला दोन्ही मिळून तिसरीच चाल ऐकू येते, जी दोघांपैकी कुणीच एकटा वाजवत नसतो. आवर्तन फिरत राहतं आणि सम कुठे आहे हे ऐकणाऱ्यानं कुठे कान लावला यावर ठरतं. आता हे गिटारवर आणायचं तर तळहातानं तारा दाबून सूर आखूड करायचा, म्हणजे लोखंडी पट्टीचा ‘टण्’ गिटारमधून निघतो. मापफुमोच्या गिटारवादकांनी हे साधलं.

मिशनऱ्यांच्या शाळांनी म्बिराला सैतानाचं वाद्य ठरवून बाहेर ठेवलं होतं. तेच वाद्य आता युद्धाच्या बाजूनं उभं होतं. बीटर्सच्या दृष्टीनं हा धक्काच असणार. स्वतःच्या देशात पारंपरिक संगीत सरकारच्या दावणीला बांधलेलं त्यांनी पाहिलं होतं. सीमेपलीकडे तसंच संगीत सरकारच्या विरोधात बोलत होतं. वाद्य तेच, ठेका तोच, फक्त तो कुणाचा आहे हे बदललं की अर्थ पूर्ण फिरतो.

माबुसेनं पुढे अनेकदा सांगितलं आहे की आपलं आफ्रिकन असणं आम्हाला हरारीत परत सापडलं. परतताना नेहरू जाकिटं गेली होती. अंगात दाशिकी, म्हणजे सैल रंगीत आफ्रिकी सदरे आले, डोक्यावर आफ्रो वाढला, स्टेजवर मूठ वर जाऊ लागली.

ही नुसती फॅशन होती का?

शंका रास्त आहे. दाशिकी आणि आफ्रो त्या काळात न्यूयॉर्कपासून लागोसपर्यंत सगळीकडे होते. शिवाय दक्षिण आफ्रिकेत स्टीव्ह बिकोंच्या भोवती काळ्या विद्यार्थ्यांची चळवळ 1960च्या दशकाच्या शेवटापासून चालू होती. स्वतःला काळं म्हणवून घेणं, त्याचा अभिमान बाळगणं, हा विचार सोवेटोत पोचलेला होता. तेव्हा सगळं श्रेय तीन महिन्यांच्या दौऱ्याला देणं बरोबर नाही. जमीन आधीच भिजलेली होती.

पण मी पुरावा कपड्यांत शोधत नाही, गाण्यांच्या नावांत शोधतो. ‘हरारी’ अल्बमवर ‘लव्ह, लव्ह, लव्ह’ आणि ‘पुश इट ऑन’ आहेत, म्हणजे जुनं सोल सुटलेलं नाही. त्याच रेकॉर्डवर ‘इन्ह्लुपेको इफेलिले’ आहे, झुलूमध्ये ‘हालअपेष्टा संपल्या’. आणि ‘थिबा कामू’ आहे, सोथोमध्ये. ‘रुफारो’वर आलो की ‘ओया काई’ म्हणजे ‘कुठे निघालास’, पुन्हा सोथो वळणाचं. ‘उझुलू’ आहे. आणि ‘मुसिकाना’ आहे, शोना भाषेत ‘मुलगी’. अल्बमचं नाव ‘रुफारो’ हेही शोनाच, ‘आनंद’.

शोना ही दक्षिण आफ्रिकेतली बाजाराची भाषा नव्हती. शोना शीर्षकानं जोहान्सबर्गमध्ये एकही रेकॉर्ड जास्त खपणार नव्हती. रेडिओच्या भाषावार सेवांना तर ही रेकॉर्ड नेमकी कुठल्या खान्यात टाकायची हाच प्रश्न पडावा. फॅशनसाठी माणूस एवढं करत नाही. झुलू, सोथो, शोना आणि इंग्रजी एका चकतीवर शेजारी शेजारी बसवणं हे मला त्या अल्बमचं सर्वांत ठाम विधान वाटतं, एकाही भाषणाशिवाय केलेलं.

दुसरा पुरावा ठेक्याचा. अमेरिकन सोलमध्ये वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतं, ड्रमचा फटका तिथे बसतो आणि बास त्याला धरून चालतो. सोवेटोतल्या म्बकांगा संगीतात बास गिटार नुसता आधार देत नाही, तो पुढे होऊन बोलतो आणि गिटारचे छोटे तुकडे आवर्तनासारखे फिरत राहतात. या दोन रेकॉर्डींवर ही दोन्ही वळणं एकाच बँडमध्ये ऐकू येतात. ऑर्गन आणि रॉकची गिटार अमेरिकेकडे ओढतात, खालचा ताल आणि सामूहिक गळे घराकडे. काही जागी सांधा दिसतो. मला तो दिसतो म्हणूनच आवडतो. पुढच्या रेकॉर्डी जास्त गुळगुळीत आहेत, पण हाताला लागणारी शिवण या दोनच रेकॉर्डींवर आहे.

कोहिनूर नावाचं दुकान

इथपर्यंत गोष्ट बँडची झाली. पण इच्छा झाली आणि रेकॉर्ड निघाली असं त्या देशात होत नव्हतं.

काळ्या कलाकारांचं ध्वनिमुद्रण मोठ्या कंपन्यांच्या हातात होतं. गॅलो या सर्वांत मोठ्या कंपनीनं 1964 साली काळ्या संगीतासाठी ‘मावुथेला’ नावाचा वेगळा विभाग काढला आणि तो रूपर्ट बोपापे या निर्मात्याकडे दिला. तिथून अप्रतिम म्बकांगा बाहेर पडलं, माहोटेला क्वीन्ससारखा संच घडला. पण पद्धत कारखान्याची होती. काय वाजवायचं, कुणी गायचं, कुठल्या भाषेत गायचं हे निर्माता ठरवी. एकच संच वेगवेगळ्या नावांनी रेकॉर्डी काढी, कारण नाव कलाकाराचं नसायचं. कंपनीचं असायचं.

ही पार्श्वभूमी डोळ्यापुढे ठेवली की चार वादकांनी आपलं नाव आपण बदललं ही साधी बाब राहत नाही.

त्यांना जागा मिळाली ती रशीद वॅली यांच्याकडे. वॅली भारतीय वंशाच्या मुस्लीम व्यापारी घराण्यातले. जोहान्सबर्गच्या बाजारपेठेत त्यांच्या कुटुंबाचं दुकान होतं, नाव कोहिनूर. आपल्याकडे गावोगावी कोहिनूर नावाचं काहीतरी असतंच, तसंच हे. वॅलींना जॅझचं वेड, म्हणून दुकानात रेकॉर्डी आल्या आणि हळूहळू दुकान रेकॉर्डींचंच झालं. 1974 साली त्यांनी ‘अस-शम्स’ म्हणजे ‘सूर्य’ हे लेबल काढलं. त्यावर आलेली डॉलर ब्रँड म्हणजेच अब्दुल्ला इब्राहिम यांची ‘मानेनबर्ग’ ही रचना दक्षिण आफ्रिकेच्या जॅझची खूण बनली. जवळजवळ 14 मिनिटांची, एक बाजू भरून. रेडिओवर बसण्यासारखी नव्हती. वॅलींनी दुकानाबाहेर लाउडस्पीकर लावून ती रस्त्यावर वाजवली. जाणारी-येणारी माणसं थांबली आणि विकत घेऊन गेली.

बीटर्सची ‘हरारी’ आणि पाठोपाठ ‘रुफारो’ या दोन्ही रेकॉर्डी याच लेबलवर निघाल्या. मोठ्या कंपनीनं कपाळाला आठ्या घातल्या असत्या असं भाषांचं मिश्रण इथे खपून गेलं, कारण इथे ठरवणारा माणूस एक होता, तो स्वतः ऐकणारा होता आणि त्याच्याकडे रेडिओला वळसा घालणारा रस्ता होता. आणखी एक बारीक गोष्ट. नाव एका झटक्यात बदललं नाही. आधी जुन्या नावाखाली ‘हरारी’ हा अल्बम आला, मग अल्बमचं नाव बँडनं घेतलं. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला मधला पूल मिळाला. हे ठरवून झालं असेल किंवा आपोआप, पण बदल पचला तो असा.

भारतातल्या ऐकणाऱ्याला मात्र हे सगळं कळायला मार्ग नव्हता. 1946 साली भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, असं करणारा पहिला देश. पुढे कित्येक वर्षं आपल्या पासपोर्टवर तो देश वगळलेला असे. ते योग्यच होतं. पण त्यामुळे कोहिनूर नावाच्या दुकानातून निघालेली रेकॉर्ड मुंबईच्या दुकानात येण्याची शक्यता नव्हती. अमेरिकेतल्या काळ्या लढ्याचे सूर मात्र दोन्हीकडे पोचत होते. 1972 साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतलं तेही समुद्रापलीकडून. त्याच दशकात सोवेटोतल्या चौघांनी बीटल्सच्या वळणाचं नाव उतरवलं आणि आफ्रिकेतल्या एका वस्तीचं चढवलं. आपल्याला हवं ते बोलणारं नाव जिथे सापडेल तिथून घ्यायचं, हा धीर दोन्हीकडे एकच होता.

1976, आणि ‘आनंद’ नावाची रेकॉर्ड

16 जून 1976. सरकारनं शाळांत निम्मे विषय आफ्रिकान्स या सत्ताधारी गोऱ्यांच्या भाषेतून शिकवायची सक्ती केली होती. त्याविरुद्ध सोवेटोतले हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या त्या ओर्लँडो वेस्ट हायस्कूलच्या परिसरात, म्हणजे जिथे बीटर्स जन्मले त्याच शाळेजवळ. हेक्टर पीटरसन तिथे पडला, 12 वर्षांचा. पुढच्या काही महिन्यांत देशभर शेकडो माणसं मेली, त्यांत कितीतरी मुलं.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात हरारी स्टुडिओत गेले आणि जी रेकॉर्ड घेऊन आले तिचं नाव ‘आनंद’.

हे पचवायला मला वेळ लागला. त्या वर्षी, त्या वस्तीतून, त्या शाळेच्या मुलांनी आनंद हा शब्द का लिहावा? खाओलीनं याचं उत्तर नंतर दिलं आहे. सांगायचं ते आनंदी संगीतातूनही सांगता येतं हे आम्ही दाखवलं. दिवस वाईट होते तेव्हा आम्ही लोकांना हसवलं, नाचवलं, असा त्याच्या बोलण्याचा आशय. यात पळवाट पाहणारे तेव्हाही असतील. मी तसं पाहत नाही. सरकारला सोवेटो भेदरलेलं हवं होतं. संध्याकाळी सभागृहात हजार माणसं एका तालावर उभी राहिली, चार भाषांत ओरडून गायली आणि घामाघूम होऊन घरी गेली, तर भेदरवण्याचं काम त्या दिवसापुरतं तरी फसलं. शिवाय उघड विरोधाचे शब्द तपासणीत अडकले असते. ठेका कुणी तपासू शकत नव्हतं.

1976 साली देशातला अव्वल वाद्यसंच म्हणून हरारीला पसंती मिळाली. ज्या नावाला वर्ष-दोन वर्षंही झाली नव्हती ते नाव जुन्यापेक्षा मोठं झालं होतं. धंद्याच्या हिशेबात वेडेपणा वाटावा असा निर्णय धंद्यातही खरा ठरला.

त्यानंतर

इथून पुढचा प्रवास वेगानं सांगतो. बँड गॅलोकडे गेला, 1977 साली ‘जेनेसिस’ आला. 1960 पासून परदेशात राहणारे ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला यांनी त्यांना अमेरिकेला बोलावलं. बाहेरचं दार उघडत होतं तेवढ्यात, 1978 साली, सेल्बी न्तुली गेला. गळा गेला आणि बँडचा मध्यही गेला. सूत्रं माबुसेनं घेतली. ड्रमच्या मागे बसणारा माणूस पुढे आला.

1979च्या अल्बमचं नाव ‘काला-हरारी-रॉक’. कलाहारी वाळवंट आणि हरारी एका शब्दात विणलेले. नाव आता इतकं आपलं झालं होतं की त्याच्याशी खेळता येत होतं. दक्षिण आफ्रिकेच्या टीव्हीवर आलेला पहिला स्थानिक काळा पॉप-रॉक बँड म्हणून हरारीचाच उल्लेख होतो. टीव्ही तिथे आलाच मुळी 1976 साली, ही आणखी एक विलक्षण गोष्ट. संगीत मात्र डिस्कोकडे झुकलं. आवाज स्वच्छ झाला, सिंथेसायझर आला, शिवण दिसेनाशी झाली. मला तिथे काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, जरी ही गाणी आजही पाय हलवतात. 1982 साली त्यांचं ‘पार्टी’ हे गाणं अमेरिकेत बिलबोर्डच्या डिस्को यादीत पोचलं.

त्याच वर्षी, 18 एप्रिल 1982 रोजी, स्वतंत्र झिंबाब्वेनं आपल्या राजधानीचं सॉल्सबरी हे नाव पुसून हरारे केलं. कामगारवस्तीचं नाव अख्ख्या शहराला मिळालं आणि वस्ती स्वतः म्बारे झाली. देशाचं स्वातंत्र्य साजरं झालं तेही याच वस्तीतल्या स्टेडियमवर, 1980च्या एप्रिलमध्ये, बॉब मार्लेच्या गाण्यासह. त्या स्टेडियमचं नाव रुफारो. चौघा सोवेटोकरांनी आपल्या दोन रेकॉर्डींवर छापलेली दोन्ही नावं अशी एका देशाच्या जन्माशी जोडली गेली, आणि छापली तेव्हा त्यांतलं काहीच घडलेलं नव्हतं.

1980च्या दशकाच्या सुरुवातीला बँड फुटला. खाओलीनं ‘उमोजा’ काढला. माबुसे एकटा निघाला आणि 1984 साली ‘बर्न आउट’ घेऊन आला. पाच लाखांवर प्रती खपल्या, काळ्या आणि गोऱ्या दोन्ही घरांत. त्यानंतर ‘जाइव्ह सोवेटो’. अस-शम्सच्या त्या दोन रेकॉर्डी मात्र बरीच वर्षं जुन्या बाजारात शोधाव्या लागत. मात्सुली म्युझिक या लेबलनं त्या पुन्हा काढल्या तेव्हा माझ्यासारख्यांच्या हाती लागल्या. ‘हरारी’ ऐकायची असेल तर एक सुचवतो. पहिल्या वेळी गाण्याकडे लक्ष देऊ नका, फक्त खाओलीच्या बासच्या मागे चाला. दुसऱ्या वेळी माबुसेच्या उजव्या हाताच्या. मग बाकीचे दोघे आपोआप जागेवर येतात.

माबुसेनं संगीतासाठी शाळा अर्धवट सोडली होती. ती गोष्ट त्याच्या मनातून गेली नसावी. वयाच्या साठीत, मोठ्यांच्या शिक्षण केंद्रात नाव घालून तो सोवेटोत पुन्हा वर्गात बसला आणि बारावीची परीक्षा पास झाला.